मोड, जतन आणि गोधडी : ऋतुलेखनातील नवतेचा विचार

१

विसाव्या शतकाच्या मध्यापासून मराठी वाङ्मयविचारात ‘नव’ या उपपदाला विलक्षण वजन प्राप्त झाले. नवकाव्य, नवकथा, नवसमीक्षा या संज्ञांनी एका संपूर्ण पिढीची अभिरुची घडवली. या घडणीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु नवे म्हणजे काय, असा प्रश्न विचारताना आपण बहुधा नव्याला जुन्याच्या समोर, प्रतिपक्ष म्हणून उभे केले. जुने सरले की नवे अवतरते, अशी एक समजूत या विचाराच्या मुळाशी राहिली. वस्तुतः ज्यांच्या नावाने नवकाव्याचा आरंभ सांगितला जातो, त्या बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात यंत्रयुगातील महानगराचा अनुभव मांडण्यासाठी संतांच्या ओवी-अभंगांचाच आश्रय घेतला होता. नवतेचा ध्वज ज्या काठीवर फडकला ती काठी जुनी होती, हे आपण जाणतो. मात्र त्यातून निघणारा सिद्धान्त मांडण्याचे आपण टाळत आलो.

हा सिद्धान्त मांडण्यासाठी दोन गोष्टींकडे एकत्र पाहणे उपयुक्त ठरेल. एक ऋतूंचे चक्र आणि दुसरी, दुसऱ्या कामाला लावलेली जुनी वस्तू. या दोन्हींचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. ऋतू हा निसर्गाचा व्यवहार, तर वस्तूंची काटकसर हा घरचा. परंतु या दोन्ही व्यवहारांत नवेपण शून्यातून येत नाही. असलेल्याच द्रव्याची मांडणी बदलून ते येते.

मराठी घरात जुन्या वस्तूच्या तीन गती परंपरेने ठरलेल्या आहेत. तांब्या-पितळेचे भांडे निकामी झाले की ते मोडीत घालतात. धातू वजनावर जातो, आकार कायमचा नाहीसा होतो. काही वस्तू फडताळात किंवा ट्रंकेत जपून ठेवल्या जातात. त्यांचा आकार टिकतो, उपयोग संपतो. तिसरी गती गोधडीची. जुने लुगडे, धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवले जातात. येथे प्रत्येक तुकडा ओळखू येतो. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातली माणसे बोट ठेवून सांगू शकतात. तरीही त्या तुकड्याचे काम बदललेले असते. जे नेसायचे होते ते आता पांघरायचे झाले. बंगालमधील कांथ्यात तर जुन्या साड्यांच्या थरांवर त्याच साड्यांच्या काठांतून उसवलेला दोरा चालवण्याची रीत आहे.

वाङ्मयातील रूपांच्याही याच तीन गती होतात. काही रूपे मोडीत निघतात, काहींचे जतन होते, आणि थोडी गोधडीत जातात. ओळख राहून उपयोग बदलणे हे या तिसऱ्या गतीचे लक्षण होय. प्रस्तुत लेखात ऋतुलेखनाच्या काही उदाहरणांवर हे लक्षण तपासून पाहावयाचे आहे.

२

भारतीय ऋतुकाव्याचा विचार ‘ऋतुसंहारा’पासून सुरू करण्याचा प्रघात आहे. सहा सर्गांचे हे काव्य ग्रीष्मापासून आरंभ करून वसंतात संपते. नंतरच्या देशी भाषांत, विशेषतः अवधी, बंगाली, गुजराती, राजस्थानी आणि पंजाबीत, सहा ऋतूंच्या जागी बारा महिन्यांची चौकट आली. हाच बारमासा. त्याचा रूढ विषय विरह. परगावी गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री महिन्यामागून महिना मोजते आणि प्रत्येक महिन्याचे निसर्गचित्र तिच्या दुःखाला नवे निमित्त पुरवते.

मलिक मुहंमद जायसीच्या ‘पदुमावत’मधील (१५४०) नागमतीचा बारमासा या रूपाचा मानदंड मानला जातो. तो आषाढापासून सुरू होतो आणि वर्षाचा फेरा पुरा करून ज्येष्ठात, पुन्हा आषाढाच्या उंबरठ्यावर, येतो. येथे चितोडची राणी पतीच्या अनुपस्थितीत घराच्या छपराची चिंता वाहताना दिसते. पावसाळा तोंडावर आला आणि शाकारणी करणारे कोणी नाही, ही व्यथा राजवाड्यातील नव्हे, खेड्यातील सामान्य गृहिणीची आहे. रामचंद्र शुक्ल यांनी या स्थळाचे मर्म नेमके सांगितले आहे : विरहात नागमती आपले राणीपण विसरते आणि साध्या स्त्रीच्या पातळीवर येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात येते. ऋतू बदलला की जुन्या वस्तूला हात लावावा लागतो. आषाढ केवळ मेघ घेऊन येत नाही. तो मागच्या वर्षीचे छप्पर पुन्हा बांधावयास लावतो. ऋतू आणि जुनी वस्तू यांची गाठ लोकजीवनात अशी पक्की आहे. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे बाहेर काढून धुण्याला आपल्याकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. जुन्या गोधड्यांच्या धुण्याला सणाचेच नाव मिळावे, ही साधी गोष्ट नव्हे.

बारमाशाचे रूप स्वतःच कसे दुसऱ्या कामाला लागले, हे पाहण्यासाठी बंगालीतील कविकंकण मुकुंदराम चक्रवर्तींच्या ‘चंडीमंगल’कडे वळले पाहिजे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या काव्यात व्याध कालकेतूच्या घरी देवी चंडी सुंदर तरुणीच्या रूपाने येते. कालकेतूची पत्नी फुल्लरा हिला ही आपली होऊ घातलेली सवत वाटते. तिला घालवून देण्यासाठी फुल्लरा वैशाखापासून आरंभ करून आपल्या संसाराचे बारा महिने तिच्यापुढे मांडते. मोडकी झोपडी, उपासमार, अंगावर पुरे वस्त्र नाही. थंडीच्या महिन्यांचे वर्णन करताना ती सांगते की हरणाच्या बदल्यात जुने जाडेभरडे पांघरूण मिळाले. ते अंगावर ओढावे तर त्यातून धूळच गळते.

येथे बारा महिन्यांची चौकट तशीच आहे. श्रोत्याला ती तत्काळ ओळखू येते. मात्र तिच्यातून विरह काढून घेतला आहे आणि त्या जागी दारिद्र्य आले आहे. विलापाच्या जागी युक्तिवाद आला आहे. पती दूर नाही, घरातच आहे. धोका आहे तो दाराशी उभ्या असलेल्या पाहुणीचा. रूप जुने, काम नवे, आणि जुन्या कामाची आठवण जागी असल्यामुळेच नव्या कामाला धार. फुल्लरेचे ते जुने पांघरूण आणि मुकुंदरामांनी हाती घेतलेला जुना बारमासा यांची गती वेगळी आहे. पांघरुणाने ऊब दिली नाही. बारमाशाने मात्र दिली. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

३

मराठीत बारा महिन्यांची ही चौकट गद्यात आणून तिचे काम आमूलाग्र बदलण्याचे श्रेय दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या ‘ऋतुचक्र’ला (१९५६) द्यावे लागते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांवरील या ललितलेखांना मराठी निबंधाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले आहे. मात्र त्यांची वाखाणणी बहुधा ‘निसर्गवर्णन’ म्हणून झाली. हे वर्णन कोणत्या जुन्या रूपातून आले आणि त्या रूपाचे त्यांनी काय केले, हा प्रश्न मागे पडला.

दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या, हे येथे विसरता येत नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ हा त्यांचा ग्रंथ ‘ऋतुचक्र’च्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांची गणना त्यांच्यापर्यंत संस्कृत काव्यातून जशी आली तशी व्रते, सण, लोकगीते यांतूनही आली. त्यांनी ही चौकट घेतली आणि तिच्यातील विरहिणीला निरोप दिला. ‘ऋतुचक्र’मध्ये महिना कोणाच्या दुःखाचे वा सुखाचे निमित्त नाही. चैत्र हा चैत्रच असतो; ‘वसंतहृदय चैत्र’ या शीर्षकातही हृदय आहे ते वसंताचे. पाहणारी स्त्री आहे, परंतु ती वाट पाहत नाही. ती फक्त पाहते. भारतीय ऋतुकाव्यात स्त्री सर्वत्र आहे, पण जिचे पाहणे तिच्या प्रियकराकडे वळत नाही अशी स्त्री विरळाच. या दृष्टीने ‘ऋतुचक्र’ हे बारमाशाचे सर्वांत धीट रूपांतर ठरते, आणि हे धीटपण शांत स्वरात वावरत असल्यामुळे ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या लेखनातील नवतेचे स्वरूप समजण्यासाठी आपल्या वसंताचे स्वरूप समजावून घेणे भाग आहे. युरोपीय काव्यातील वसंत बर्फाच्या वितळण्यातून येतो. आपला वसंत कोरडेपणात येतो. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे निष्पर्ण अवस्थेत फुलतात. पिंपळ आणि कुसुंब तांबूस पालवी घेऊन उभे राहतात तेव्हा पाऊस दोन-तीन महिने दूर असतो. हे नवेपण आभाळातून पडत नाही. ते साठ्यातून येते. वनस्पतिशास्त्र असे सांगते की पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र, स्फुरद यांसारख्या द्रव्यांचा मोठा वाटा मागे ओढून घेते, फांद्यांत आणि खोडात साठवते आणि पुढच्या पालवीसाठी तोच उपयोगात आणते. पिवळे पडलेले पान हे केवळ मेलेले पान नसते. जे देण्यासारखे होते ते देऊन झालेले पान असते. कोवळ्या पालवीत जुने पान असते, हे काव्य नसून शरीरव्यवहार आहे.

‘ऋतुचक्र’चा गद्यबंध याच रीतीने चालतो. प्रत्यक्ष निरीक्षण, संस्कृत काव्याची स्मृती आणि लोकसमजूत हे तीन थर त्यात एकमेकांवर ठेवलेले असतात. रंग, गंध आणि आकार यांच्या बारीक छटा टिपणारे वाक्य हा त्यांना जोडणारा धावदोरा. हे थर जेथे एकजीव होतात तेथे मराठी गद्याने फार उंच पातळी गाठली आहे. पण समीक्षकाने हेही नोंदवले पाहिजे की काही ठिकाणी संस्कृत स्मृतीचा थर जड होतो; संकेत कामाला न लागता जतन केल्यासारखा वाटतो, आणि डोळ्यांपुढचे झाड क्षणभर पुस्तकातल्या झाडामागे जाते. या उणिवेचा वारसा पुढच्या ललितलेखनाने अधिक उचलला, हे दुर्दैव. ‘ऋतुचक्र’नंतर महिन्यांवर आणि फुलांवर विपुल लिहिले गेले. त्यातील पुष्कळ लेखनाने दुर्गाबाईंची विशेषणे घेतली, त्यांची नजर घेतली नाही. ते गोधडीचे तुकडे ट्रंकेत घडी घालून ठेवण्यासारखे झाले.

४

दुर्गाबाईंनी हेन्री डेव्हिड थोरोचा ‘वॉल्डन’ हा ग्रंथ ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला, हा योगायोग म्हणता येत नाही. ऋतू आणि जुन्या वस्तू यांचे नाते इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा ग्रंथ आधुनिक साहित्यात सापडणे कठीण.

थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या खोपटात राहावयास गेला आणि दोन वर्षे दोन महिन्यांनी परतला. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हा काळ एका वर्षात दुमडला. उन्हाळ्यात आरंभ आणि वसंतात शेवट. हे दुमडणे म्हणजे वेळेचाच गोधडीसारखा थर करणे होय. त्याने घरबांधणीचा हिशेबही दिला आहे. आगगाडीच्या मार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराचे खोपटे त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतले, ते उतरवले आणि फळ्या उन्हात गवतावर पसरून सरळ केल्या. दोन खिडक्या वापरलेल्या, हजार विटा जुन्या. एकूण खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. चुलाण्यासाठी त्या विटांना चिकटलेला जुना चुना थापीने खरवडावा लागला, याचाही तो तपशील देतो. उसनी आणलेली कुऱ्हाड आपण अधिक धारदार करून परत केली, असे तो सांगतो. या एका वाक्यात परंपरेशी लेखकाचे नाते कसे असावे याचे सूत्र आहे.

तथापि हिशेबाच्या वहीत एक नोंद राहून जाते. कॉलिन्सचे कुटुंब एका गाठोड्यात सारा संसार बांधून पहाटे त्या घरातून निघते. थोरो ते दृश्य किंचित विनोदाने सांगतो आणि फळ्यांकडे वळतो. एकाचे नवजीवन दुसऱ्याच्या निवाऱ्याच्या फळ्यांवर उभे राहिले, या गोष्टीशी तो थांबत नाही. फुल्लरेच्या पांघरुणाचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

५

दुर्गाबाईंच्या लेखनात जुनी वस्तू स्वतंत्र विषय म्हणून येते ती ‘पैस’मध्ये (१९७०). या संग्रहाला १९७१ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. शीर्षकलेख नेवाशाच्या खांबाविषयी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, भावार्थदीपिका सांगितली असे परंपरा मानते, तो हा खांब.

खांबावर संस्कृत लेख आहे, आणि त्याचा विषय अध्यात्म नव्हे. करवीरेश्वराच्या देवळातील दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे खांब मुळात एका देवळाचा भार वाहत होता. मग त्याने दानपत्राचे काम केले. मग तो एका तरुण निरूपणकाराच्या पाठीचा आधार झाला. मूळ देऊळ काळाच्या ओघात गेले, खांब उरला, आणि आज तोच पूजेचा विषय आहे. एकाच दगडाची ही एवढी कामे. ज्ञानेश्वरांनी जे केले तेही याच जातीचे आहे. गीतेचे सातशे श्लोक त्यांनी मोडीत काढले नाहीत की पेटीत जपले नाहीत. देशीच्या ओवीत त्यांना कामाला लावले.

‘पैस’ या शब्दाचा अर्थ विस्तार, मोकळी जागा. आज बोलण्यात तो बहुधा ‘ऐसपैस’ या जोडशब्दातच टिकून आहे. म्हणजे शब्दही तुकड्यासारखा दुसऱ्या शिवणीत जगतो आहे. दुर्गाबाईंनी तो शीर्षकस्थानी ठेवला आणि पुन्हा मोठा केला. जुन्या वस्तूत नवतेसाठी जागा असते, हा त्या शीर्षकाचा आशय मानता येईल. ‘ऋतुचक्र’ आणि ‘पैस’ ही एकाच विचाराची दोन टोके आहेत : एकीकडे काळ परत येतो, दुसरीकडे वस्तू टिकून राहते, आणि दोन्हीकडे नवे घडते ते या भेटीत.

६

या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुनी वस्तू पुन्हा वापरणे हे ज्याच्यावर लादले गेले, त्याला त्यात सौंदर्य का दिसावे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे विधान आहे. जुन्या वस्तूचा पुनर्वापर हा येथे काटकसरीचा वा कल्पकतेचा व्यवहार नसून अपमानाची व्यवस्था आहे. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे अशा विधानांची दाहकता होती. गोधडीचे गुणगान करणाऱ्या समीक्षेने हे दहन विसरता कामा नये.

परंतु त्याच चळवळीने आणखी एक गोष्ट केली. सत्यशोधक जलशांच्या मागोमाग आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट उचलली. तिच्यातील देवस्तुती आणि शृंगार यांच्या जागी प्रबोधन आणले. ज्यांनी उतरलेली वस्त्रे नाकारली त्यांनीच जुने रूप स्वीकारले, आणि यात विसंगती नाही. उतरलेले वस्त्र देणारा ठरवतो. रूप घेणारा निवडतो. फुल्लरेच्या पदरी पांघरूण पडले, मुकुंदरामांनी बारमासा निवडला, हा तो मघाचा फरक. यावरून आपल्या लक्षणात भर घालावी लागते. ओळख राहून उपयोग बदलणे पुरेसे नाही. तो बदल वापरणाऱ्याच्या इच्छेने व्हावा लागतो. इच्छेवाचून झालेला पुनर्वापर हा केवळ अभावाचा दाखला असतो.

७

शेवटी ऋतूंविषयीच एक प्रश्न उरतो. जुन्या वस्तू टिकून आहेत, पण ऋतू तसे राहिले आहेत का? भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखा नव्या निरीक्षणांच्या आधारे बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. जो पाऊस भाद्रपदाअखेर सरतो असे गृहीत धरून सण आणि गीते बांधली गेली, तो आता अनेकदा आश्विनात मुक्काम करतो. बारा महिन्यांच्या चौकटीचा आणि आभाळाचा सांधा सैल होतो आहे.

अशा वेळी ऋतुलेखनापुढे पुन्हा त्या तीन वाटा आहेत. महिन्यांची भाषा कालबाह्य म्हणून मोडीत काढता येईल. श्रावणाचे ठरीव वर्णन जतन करून दर वर्षी विशेषांकात मांडता येईल, आणि ते आज बरेच घडते आहे. तिसरी वाट कठीण आहे : महिना नावाने ओळखू येईल, पण त्याच्याविषयी जे सांगायचे ते आजच्या पावसाकडे पाहून सांगितले जाईल. बारमाशाने विरह पेलला, दारिद्र्य पेलले, निव्वळ पाहणेही पेलले. चुकलेल्या पावसाचे दुःख तो पेलणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने परंपरेकडे पाहताना म्हणून एवढेच विचारावे : हे रूप येथे वितळवले आहे, जपले आहे, की कामाला लावले आहे? आणि लावले असेल तर कोणाच्या इच्छेने? नवतेचा निर्णय या दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे.